कार्तिक-मार्गशीर्षात बागेत काय फुलतं? सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या फोनवर झाडांचे फोटो यायला लागतात. टिळकवाडी, अनगोळ, खानापूर, निपाणी, चिकोडी, मधूनच अथणी. दरवर्षी बहुतेक प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवले. मी शास्त्रज्ञ नव्हे, परसात माती उकरणारी बाई आहे. उत्तरं बेळगावच्या हवेला धरून आहेत. कोल्हापूरला थोडं मागेपुढे होईल, कोकणात बरंच.

१. दिवाळी झाली. आता बागेत फुलं राहतात का, की उन्हाळ्यापर्यंत मोगऱ्याची वाट बघायची?

राहतात, आणि चांगली राहतात. शेवंतीचा खरा हंगाम तर आत्ता येतो. कोरांटी, कागडा, लसूणवेल, बोगनवेल, गलांडा, सदाफुली, कण्हेर, तगर ही सगळी चालू असतात. पारिजातक सडा आटोपता घेत असतो, तरी पहाटे ओंजळभर देतोच. गुलबक्षी थकलेली असते. तेरडा मात्र गेला. त्याला कितीही पाणी घाला, तो परत येणार नाही. बी गोळा करा आणि उपटून टाका.

२. इंटरनेटवर लिहितात की ऑटम म्हणजे पानगळ, बाग आवरून ठेवायचे दिवस. आपणही छाटून-बिटून आवरायची का?

नको! ते बर्फ पडणाऱ्या मुलखाचं वेळापत्रक आहे. आपल्याकडे पानगळ शिशिरात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये होते. कार्तिकात जमिनीत पावसाची ओल असते, ऊन मऊ असतं आणि हवा कोरडी होत जाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे पहाटे स्वेटर लागतो, पण झाडं गोठत नाहीत. आत्ता सरसकट छाटणी केलीत तर दोन महिन्यांची फुलं कचऱ्यात जातील. छाटायचं काय, ते त्या त्या झाडाच्या प्रश्नात आहे (८, ९ आणि ११ पाहा).

३. काही झाडं थंडी लागताच फुलतात, काही गप्प बसतात. असं का?

या एका प्रश्नात बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काही झाडं थंडीपेक्षा रात्र मोजतात. बेळगावला जूनच्या २१ तारखेला दिवस १३ तासांच्या जरासा वर असतो, तर डिसेंबरच्या २१ तारखेला साधारण ११ तास १० मिनिटांचा. आपल्याला हा फरक फक्त 'लवकर अंधार पडतो हल्ली' एवढाच जाणवतो. शेवंती आणि पॉइन्सेटिया यांना मात्र तो कळी धरायचा निरोप असतो. त्यांना सलग, न तुटलेला अंधार लागतो.

काही झाडं पाणी मोजतात. बोगनवेलीला पावसाळ्यात नुसता पाला असतो आणि पाऊस थांबून मुळं जरा कोरडी पडली की ती पेटते.

सदाफुली, तगर, गलांडा कशाचाच हिशोब ठेवत नाहीत. ऊन मिळालं की फुलतात.

आणि मोगरा, निशिगंध, बऱ्याच अंशी अबोलीसुद्धा, ही उबेची माणसं. पहाटेचा पारा १४-१५ अंशांवर आला की हात आखडतात. झाड गप्प असेल तर खताची गोणी उघडण्याआधी ते यातलं कुठलं आहे, एवढं बघा.

४. काकू, शेवंती कमरेएवढी झालीय, हिरवीगार आहे, पण कळीच येईना. काय घालू?

आधी घालायचं थांबवा आणि रात्री नऊ वाजता कुंडीजवळ जाऊन उभ्या राहा. तिथं पेपर वाचता येण्याइतका उजेड असेल तर चोर सापडला.

आमच्या फाटकासमोर काही वर्षांमागे नवा एलईडी दिवा बसला. त्या कार्तिकात माझ्या आठ कुंड्यांपैकी दिव्याखालच्या तीन नुसत्या पानांनी माजल्या आणि भिंतीआडच्या पाच फुलांनी वाकल्या. माती तीच, शेणखत तेच, हात माझेच. मी खतवाल्याला दोष देऊन मोकळी झाले होते. कुंड्यांची जागा बदलली, पुढच्या वर्षी आठही फुलल्या.

कुंडी हलवता येत असेल तर घराच्या मागे, रात्री अंधार आणि दिवसा ऊन असलेल्या जागी न्या. जमिनीत असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुठ्ठ्याचं मोठं खोकं किंवा काळं कापड घाला आणि सकाळी काढा. हे रोज, खंड न पाडता, कळ्यांना रंग दिसेपर्यंत करायचं. 'मधे दोन दिवस राहिलं' चालत नाही. मध्यरात्री लागलेला थोडा वेळचा उजेडही लांब रात्रीचे दोन तुकडे करतो, म्हणून अंगणातला रात्रभर जळणारा बल्बही तितकाच वाईट.

उजेड नसेल तर दोन कारणं उरतात. एक, शेंडे उशिरा खुडले. जून-जुलैत खुडा, ऑगस्ट संपल्यावर हात लावू नका. दुसरं, युरिया. युरियाने पानं येतात, फुलं नाहीत.

५. बुटकी, गच्च फुललेली शेवंतीची कुंडी विकत आणली. पुढच्या वर्षी तशीच फुलेल का?

फुलेल, पण तशीच नाही. बाजारासाठीच्या कुंड्यांना बहुधा वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. त्याचा असर गेला की झाड त्याच्या मूळ उंचीवर जातं. ही फसवणूक नव्हे, धंद्याची रीत आहे. फुलं सुकल्यावर झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा. बुडातून फुटवे येतील. ते मुळांसकट सोडवून वेगळ्या कुंडीत लावा आणि उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून जपा. जूनपासून शेंडे खुडत राहिलात की झाड आपोआप गोल आणि बुटकं होतं. उन्हाळ्यात फुललेली शेवंती दुकानात दिसली तरी चकित होऊ नका. मोठे उत्पादक काळं कापड टाकून रात्र लांबवतात. प्रश्न ४ मधलं आपलं पुठ्ठ्याचं खोकं, तेच मोठ्या प्रमाणावर.

६. दसरा-दिवाळीला झेंडू भरपूर होता, आता झाडं वाळल्यासारखी दिसतात. ठेवू की काढू?

पान उलटून बघा. खाली बारीक जाळी आणि लालसर ठिपके हलताना दिसले तर तो लाल कोळी आहे. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की तो झेंडूवर हमखास येतो. अशी झाडं काढून लांब टाका. नुसतीच थकलेली असतील तर सुकलेली सगळी फुलं देठासकट खुडा, फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी करा, मूठभर गांडूळखत घाला. तीनेक आठवड्यांत लहान फुलांचा दुसरा बहर येतो.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी झेंडू हवा असेल तर बी सप्टेंबरातच पडायला हवं, कारण बियाण्यापासून फुलापर्यंत सुमारे दोन महिने जातात. आत्ता टाकलंत तर महाशिवरात्रीला मिळेल. दिवाळीच्या तोरणातल्या संकरित फुलाचं बी आईसारखं निघेलच असं नाही. मी तरी टाकते. आलं ते आपलं.

७. अबोली थंडीत का रुसते?

रुसत नाही, गारठते. अबोलीला ऊब हवी. कुंडी दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकवा, म्हणजे दिवसा तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी उशिरा घाला. फूल कमी झालं तरी झाड टिकतं, होळीनंतर परत सुरू होतं.

थंडी नसतानाही झाड खुरटत असेल, पानं बारीक होत असतील तर मुळं उकरून बघा. मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत आहेत. त्या मातीत परत अबोली लावू नका, तिथं झेंडू लावा.

अबोलीच्या वाळलेल्या बोंडावर पाणी पडलं की ते फटकन फुटून बी उडतं. मुलांना दाखवा. गडद केशरी 'दिल्ली' अबोली मात्र बी धरत नाही, ती फांदीनेच लावावी लागते.

८. आजीच्या दारात असायची तशी, काहीही न करता थंडीत फुलणारी झाडं सुचवा.

कोरांटी. पिवळी काटेरी असते, जांभळी आणि पांढरी बिनकाट्याची. दसऱ्याच्या आसपास सुरू होते आणि पौषापर्यंत चालते. पावसाळ्यात फांदी खोचली की लागते, गुरं पिवळीच्या वाटेला जात नाहीत, कुंपणाला उत्तम. आज नर्सरीत ती मागितली तर पोरगा तोंडाकडे बघत राहतो, कारण तिच्यात नफा नाही. ज्यांच्या दारात आहे त्यांच्याकडूनच फांदी आणा. बहर संपला की, साधारण माघात, गुडघ्याएवढी छाटा.

दुसरा कागडा. जाई संपत येते तेव्हा कागडा हातात येतो. वास अगदी पुसट, पण गजरा शुभ्र होतो आणि दिवसभर टिकतो. बाजारात फूलवाली मोळाने, म्हणजे हातभर मापाने, माळ देते तेव्हा थंडीतली ती पांढरी माळ बऱ्याचदा कागड्याचीच असते. 'मोगरा आहे का?' विचारलंत तर ती 'हो' म्हणेल.

तिसरी लसूणवेल. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, फूल जांभळं उमलून फिकट होत पांढरं पडतं. दिवाळीच्या आगेमागे वेल झाकून जाते. चौथी संक्रांतवेल, पण ती नावाप्रमाणे जानेवारीत. आत्ता कळ्यांचे घोस दिसत असतील तर तिला कापू नका.

९. मोगऱ्याला आत्ता एकही कळी नाही. खत देऊ?

देऊ नका, त्याला झोपू द्या. डिसेंबरअखेर पाणी तोडा, पानं गळू लागली की फांद्या निम्म्या छाटा. मग जानेवारीच्या शेवटी आळं उकरून शेणखत आणि भरपूर पाणी. कळ्या उन्हाळ्याच्या तोंडावर येतील. निशिगंधालाही आत्ता विश्रांतीच हवी.

१०. जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळतात. नजर लागली म्हणतात.

नजर मुंग्यांची लागलेली असते. कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं काही दिसतं का बघा. तो पिठ्या ढेकूण. तो गोड चिकटा सोडतो, म्हणून मुंग्या त्याला राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, फार भरलेला शेंडा कापून टाका. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांड्यांचा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने परत. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय हा आजार जात नाही.

कीड नसेल तर पाण्याचा लहरीपणा हे कारण. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी बादलीभर, असं केलंत की कळी गळते. थंडीत फुलांची संख्या थोडी कमी होणं मात्र साहजिक आहे.

११. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात राहून गेली. आत्ता केली तर?

नोव्हेंबर अर्धा गेला नसेल तर करा. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दीड महिना धरा, म्हणजे नाताळ-नववर्षाला फुलं. त्यानंतर असेल तर फक्त सुकलेली फुलं आणि मेलेल्या काड्या काढा. कात्री फांदीवरच्या फुटव्याच्या डोळ्याच्या वर, तिरकी. पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी. दवाचे दिवस आहेत, तेव्हा पाणी पानांवर शिंपडू नका, बुडात घाला.

१२. शेजारच्यांची बोगनवेल लाल-गुलाबी आणि आमची नुसती हिरवी. एकाच नर्सरीतली आहे हो!

शेजारी पाणी घालायला विसरतात. तुम्हीही विसरा. पानं किंचित मलूल झाली की मगच पाणी, आणि दिवसाला सहा तास तरी ऊन. आणि ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं आहेत. खरं फूल आतली ती बारीक पांढरट नळी.

१३. नाताळचं ते लाल पानांचं झाड घरी लाल करता येतं का?

पॉइन्सेटिया. येतं. कारण शेवंतीचंच, रात्र (प्रश्न ४). त्याला लांब रात्री सुरू झाल्यापासून रंग यायला आठ-दहा आठवडे लागतात, म्हणून खोक्याचा खेळ सप्टेंबरअखेर सुरू करावा लागतो. डिसेंबरात जागं होऊन उपयोग नाही. परसात, दिव्यापासून दूर, जमिनीत लावलेलं झाड काही न करता वेळेवर लाल होतं. चीक हाताला आणि डोळ्याला लागू देऊ नका.

१४. ॲस्टर आत्ता लावू का? बी कुठलं घ्यावं?

बी टाकायला उशीर झाला, पण रोपं मिळाली तर लावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी टाकलं की तीनेक महिन्यांनी फूल येतं. बियाण्याच्या बाबतीत सीमाभाग नशीबवान: बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कामिनी, पूर्णिमा, शशांक या जाती आहेत आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश मालिकेतल्याही. आमच्या वाफ्यात दोन्ही राज्यं शेजारी शेजारी फुलतात, भांडण नाही. ॲस्टरचं बी जुनं झालं की उगवत नाही, तेव्हा गेल्या वर्षीची पुडी फेकून द्या. झाड एकदाच बहरतं, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरलं तर फुलं पुरतात.

१५. निपाणीला तंबाखू सहज मिळते. तंबाखूचं पाणी माव्यावर (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर) मारलं तर?

मावा मरतो, हे खरं. मी मात्र मारत नाही आणि मारा म्हणणार नाही. निकोटीन कातडीतून अंगात जातं. बादली ढवळणाऱ्याला मळमळ, चक्कर येऊ शकते. मधमाश्यांनाही ते विष आहे. आणि तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू पिटुनियाला, शेजारच्या मिरची-टोमॅटोला लागू शकतो. त्याऐवजी ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून थोडा साबण घालून फवारा. तंबाखू विडीसाठी असू द्या. खरं तर तिथंही नको.

१६. चिकोडीला आमची काळी माती. जास्वंद, गुलाबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात.

ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. चिलेटेड लोह (दुकानात याच नावाने मागा) पाकिटावरच्या प्रमाणात पानांवर फवारा आणि जमिनीत चांगलं कुजलेलं शेणखत वाढवा. खिळे पुरून काही होत नाही. साखर कारखान्याची मळी घालत असाल तर कुजवूनच घाला, ताजी मळी मुळं जाळते. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत ही तक्रार क्वचित येते.

१७. आम्ही खानापूरच्या पलीकडे. धुकं आणि माकडं, दोन्ही भरपूर. काय टिकेल?

कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस धो धो आणि ओल उशिरापर्यंत राहते, त्यामुळे झिनिया, गुलाब यांना भुरी-बुरशी लवकर धरते. तिथं रोपं विरळ लावा आणि पूर्वेचं ऊन मिळेल अशी जागा निवडा. माकडांनी माझ्या बहिणीची जास्वंद दोन वर्षं बोडकी केली. तिने आता बाहेरच्या कुंपणाला पिवळी कोरांटी आणि बोगनवेल लावलीय, जास्वंद न्हाणीघराच्या मागे नेलीय. माकडं तरी येतात, पण खायला काही सापडत नाही म्हणून कौलं फोडतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

१८. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या का?

खुडायच्या. मंजिरी पिकू दिली की तुळस आपलं काम झालं असं समजून वाळू लागते. द्वादशीला तोडू नये असं घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असेल तर दुसऱ्या दिवशी खुडा. डिसेंबरात पानं गळली तर घाबरून पाणी वाढवू नका, कमी करा. पिकलेल्या चार मंजिऱ्या कागदात ठेवा, पावसाळ्यात रोपं होतील.

१९. नर्सरीवाल्याला फक्त कन्नड येतं. काय मागायचं?

शेवंतीला सेवंतिगे, झेंडूला चेंडू हूवु, अबोलीला कनकांबर, जास्वंदीला दासवाळ, कण्हेरीला कणगिले, तगरीला नंदिबट्टलु, गुलबक्षीला संजे मल्लिगे, निशिगंधाला सुगंधराज, कोरांटीला गोरंटी, कागड्याला काकडा. नुसतं 'मल्लिगे' म्हणालात तर मोगऱ्यापासून जाईपर्यंत काहीही हातात येईल, फूल दाखवूनच घ्या.

२०. लहान मुलं आणि दारात गाय आहे. यातलं विषारी कुठलं?

कण्हेर, सगळ्यात आधी. पान, फूल, काडी, सगळंच. छाटलेल्या फांद्या गाईपुढे चुकूनही टाकू नका. पिवळी बिट्टी तशीच, तिच्या बिया मुलं खेळायला घेतात. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधं करतात म्हणून तिची पानं चावून खाणारे लोक मला भेटले आहेत. ती औषधं दवाखान्यात मोजून देतात. घरचं पान विषच. गुलबक्षीच्या काळ्या बिया आणि कंदही तोंडात जाऊ देऊ नका. पॉइन्सेटियाबद्दल प्रश्न १३ मध्ये आलं आहे.

२१. तुम्ही 'कुंद' लावा म्हणालात. फोनवर बेळगाव आणि कुंद टाकलं की मिठाईच दिसते!

तो कुंदा, खव्याचा. झाड हवं असेल तर वर प्रश्न ८ मधला कागडा मागा. कुंद आणि कागडा यांना वनस्पतिशास्त्र एकच मानतं. मार्गशीर्ष-पौषात फुलतो, ऊन आणि आधाराला जाळी एवढंच मागतो. फांदी हवी असेल तर जूनमध्ये या, आत्ता तोडणार नाही, फुलं लागली आहेत. येताना दुसरा कुंदा आणलात तर हरकत नाही.